खिडकीतला आशीर्वाद

१

बिशप उडोंच्या अंगावर मिस्सेचे, म्हणजे वेदीपुढच्या उपासनेचे, कपडे चढवणं हे माझं काम होतं. नऊ वर्षं मी ते केलं. आधी खांद्यावरचं पांढरं कापड, मग पायघोळ झगा, कमरेची दोरी, गळ्यातला पट्टा, वरचा जड भरजरी झगा. शेवटी हातमोजे, अंगठी आणि टोप. प्रत्येक कपड्याला एक छोटी प्रार्थना असते. उडो ती पुटपुटत आणि मी गाठी मारत असे. इतक्या वर्षांत आम्हाला एकमेकांकडे बघावंही लागत नसे.

त्या वर्षी आर्न्सवेरला नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणालाच कडाक्याची थंडी पडली. कपड्यांच्या खोलीतल्या तस्तात पाण्यावर बर्फाची साय धरली होती. ती मी बोटानं फोडली, उडोंच्या हातांवर पाणी घातलं आणि पेटी उघडली. पेटीची किल्ली कायम माझ्या कमरेला असे. डावा मोजा चढवला. रेशीम थंडगार लागलं. उजवा उचलला आणि मी थबकलो.

मोजा उबदार होता.

शेगडीवर धरलेलं कापड तापतं तसा नव्हे. अंथरुणातून कुणी नुकतंच उठून गेलं की जी ऊब मागे राहते, ती. आणि ती फक्त आतून होती. वरचं रेशीम गारच होतं.

मी मोजा पुढं धरला. उडोंनी हात आत घातला आणि त्यांची प्रार्थना मध्येच तुटली.

"आज हा कुणी घातला होता?"

"कुणीच नाही, स्वामी. पेटीला कुलूप होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग प्रार्थना पहिल्यापासून पुन्हा म्हटली, आणि बाहेर घंटा वाजायला लागली.

२

मी काही भोळसट माणूस नाही. दिवसभर त्यावरच विचार करत बसलो. बर्फ फोडून माझी बोटं बधिर झाली होती. बधिर हाताला काहीही गरम लागतं. बरं, मग डावा मोजा का नाही लागला? पेटीत उंदीर बसला असेल. पण उंदराची ऊब पाचही बोटांच्या टोकांपर्यंत जात नाही.

पुढच्या रविवारी मी आधी दोन्ही हात काखेत धरून चांगले गरम केले. मोजा तरीही उबदार लागला. मग मी मोजे पेटीतून काढून भिंतीतल्या दगडी कोनाड्यात ठेवले, पुढं लोखंडी दार लावलं. त्या भिंतीपलीकडे दफनभूमी आहे. तिकडं चूल नाही, शेगडी नाही. चौथ्या रविवारी उजव्या मोज्याचा तळवा किंचित ओला होता. मी तो नाकाशी नेला. आंबलेल्या द्राक्षारसाचा आणि लवंगांचा वास आला.

तो वास मी ओळखला. त्या पाण्यानं मी आयुष्यात एकदाच एका माणसाला पुसून काढलं होतं.

३

उडोंच्या आधी आर्न्सवेरच्या गादीवर त्यांचे काका होते, बिशप मेगिनहार्ड. वोल्फेरोडेच्या सरदार घराण्याकडे ही गादी तीन पिढ्या चालत आलेली. मेगिनहार्ड थकले तेव्हा उडोंचा थोरला भाऊ, सरदार बेर्टोल्ड, गादी उडोंना मिळावी म्हणून राजाकडे गेला. पण तो परतायच्या आत, उपासाच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी, म्हातारे गेले.

तेव्हा मी त्यांचा खाजगी पाद्री होतो. डोळे मीच मिटवले. खोलीत मी आणि उडो, दोघंच.

कॅथीड्रलच्या पाद्र्यांमधला मुख्य रुथार्ड. त्याला वोल्फेरोडेचं घराणं नको होतं. मृत्यूची घंटा वाजली असती तर दुपारच्या आत तो आपला माणूस निवडून मोकळा झाला असता. कुणकुण तर लागलीच होती. अंगणात माणसं जमायला लागली होती आणि त्यांच्यात पुढंच रुथार्ड हात बांधून उभा होता.

उडो खिडकीच्या फटीतून बाहेर बघत होते. ते म्हणाले, "त्यांना दिसले, की जातील सगळे."

"कोण दिसले?"

"काका."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. आम्ही म्हाताऱ्यांना आंबलेला द्राक्षारस आणि लवंगा घातलेल्या पाण्यानं पुसून काढलं, पूर्ण पोशाख चढवला, हनुवटीखालून पट्टी बांधून टोपाखाली लपवली आणि खुर्चीत बसवून खिडकीशी आणलं. मोजे मीच घातले. मग खुर्चीमागे गुडघ्यांवर बसून मी त्यांच्या रुंद बाहीतून माझा हात घातला, त्यांचं कोपर पेललं, आणि उडोंनी झडप उघडली.

मी तीनदा त्यांचा हात उचलून हवेत क्रुसाची खूण केली. तोल सांभाळायला माझा कान त्यांच्या पाठीला घट्ट टेकलेला होता. आत काही नव्हतं. इतकं काही नसणं मी कधी ऐकलं नव्हतं. बाहेर फक्त छपरावरची कबुतरं घुमत होती.

खाली सगळ्यांनी गुडघे टेकले. आशीर्वाद संपला तरी ते उठेनात. माझा दंड भरून आला. उडो पडद्याआडून बघत होते, ते कुजबुजले, "अजून बसलेत. का बसलेत?" शेवटी आम्हीच झडप लावली.

रुथार्ड वर आला नाही. त्यानं काही विचारलंही नाही. रविवारी बेर्टोल्ड राजानं उडोंसाठी दिलेली बिशपपदाची अंगठी आणि काठी घेऊन आला, तेव्हा कुठं घंटा वाजली.

उडो वाईट बिशप नव्हते हे मला सांगायलाच हवं. दोन दुष्काळांत त्यांनी कोठारं उघडली, नदीवर दगडी पूल बांधला, महारोग्यांसाठी घर उभारलं. मला कपड्यांच्या खोलीची किल्ली मिळाली. त्या शुक्रवारबद्दल आम्ही नऊ वर्षांत एक शब्द बोललो नाही.

४

नाताळाला उडोंनी नवे मोजे शिवून घेतले. जुने मी त्यांच्यासमोर जाळले. नव्यांपैकी उजवा पहिल्याच दिवशी उबदार निघाला.

मिस्सेच्या शेवटी उडोंनी आशीर्वादाला हात उचलला आणि तो वरच राहिला. लोकांनी माना वर करून पाहिलं. मी जवळ गेलो तेव्हा कुठं तो खाली आला. आत आल्यावर मी मोजा ओढून काढत होतो, ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एंगिलमार, मी हात खाली घेत होतो. कोपराखाली कुणीतरी धरलं होतं."

मी मोजा पेटीत ठेवला.

त्यांनी भावाला बोलावून घेतलं. बेर्टोल्ड आला, बूटही न काढता शेगडीपाशी बसला आणि सगळं ऐकून घेतल्यावर हसला.

"मोजा ऊब धरतो म्हणून बिशपपद सोडायचं? अरे, आमच्याकडे लोक थंडीनं मरताहेत, आणि तुला ऊब नको."

"सोडत नाही. पवित्र गुरुवारी लोकांना सांगणार आहे. नंतर ते ठरवतील."

"लोक ठरवतील." बेर्टोल्ड माझ्याकडे वळला. "ऐकलंस, पाद्री? हा बिशप आहे, आमचा भाऊ आहे, ह्याला कुठल्यातरी मठात ठेवतील. तुझ्यामागे कोण आहे? मेलेल्या माणसाच्या बाहीत हात घातला होतास तू. तो हात कापतील, आणि तेवढ्यावर थांबले तर नशीब समज."

"मला माहीत आहे, सरदार," मी म्हणालो.

"मग समजाव त्याला."

मी समजावलं नाही. धीट होतो म्हणून नव्हे. दर रविवारी तो मोजा हातात घेण्यापेक्षा मला कुऱ्हाड सोपी वाटायला लागली होती.

५

ईस्टरच्या तीन दिवस आधी, पवित्र गुरुवारी, कॅथीड्रल भरलेलं होतं. बाहेर स्वच्छ ऊन होतं. उंच खिडक्यांतून ते थेट लोकांच्या डोक्यांवर पडत होतं. उडो वेदीच्या पायऱ्या उतरून खाली आले. मोजे काढून त्यांनी जमिनीवर ठेवले आणि उघड्या हातांनी उभं राहून सगळं सांगितलं. शुक्रवार सांगितला, हनुवटीची पट्टी सांगितली. माझं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी स्वतः जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

"त्या दिवशी तुम्हाला आशीर्वाद दिला तो मेलेल्या माणसानं," उडो म्हणाले. "हात आम्ही उचलला. मी क्षमा मागतो. माझं काय करायचं ते तुम्ही सांगा."

आरडाओरडा होईल अशी माझी तयारी होती. कुणी हललं नाही. मी रुथार्डकडे पाहिलं. आता त्याची वेळ होती, नऊ वर्षांनी. तो जमिनीकडे बघत होता आणि त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

मग कातडी कमावणाऱ्याची विधवा हेम्मा पुढं आली. थोराड बाई, हात कोपरापर्यंत कातडं कमावायच्या झाडसालीच्या रंगानं तपकिरी झालेले.

"स्वामी, आम्ही खालीच होतो," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणूनच सांगतोय. तो हात त्यांचा नव्हता."

"हाताचं कोण विचारतंय?" ती म्हणाली. "ते बोलले त्याचं काय?"

उडोंना कळलं नाही. "कोण बोललं?"

"म्हातारे स्वामी. खिडकीतून. बराच वेळ बोलत होते की. तुम्ही दोघं मागंच होतात ना?"

उडोंनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. माझा कान त्या पाठीला टेकलेला होता. आत काही नव्हतं.

"काय बोलले?" उडोंनी विचारलं.

तीनशे माणसं. एकेक करून सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मागं कुणीतरी खोकलं. उडोंनी पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढवून.

"सांगू नकोस, हेम्मा," रुथार्ड हळूच म्हणाला. त्यात धमकी नव्हती. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलतात तसा त्याचा सूर होता.

हेम्मानं वाकून मोजे उचलले, झटकले आणि माझ्या हातात दिले. थंड होते. दोन्ही.

६

आम्हाला कुणी काही केलं नाही. मठात पाठवलं नाही, माझा हात शाबूत राहिला. ईस्टरच्या मिस्सेला लोक नेहमीसारखे आले. मोजा त्यानंतर कधीच उबदार लागला नाही, आणि खरं सांगतो, ते मला जास्त वाईट वाटलं. काम संपवून कुणीतरी निघून गेल्यासारखं.

ज्यांनी ते ऐकलं होतं त्या माणसांना मी गाठायला लागलो. पाववाला म्हणाला, भट्टी तापलीय, नंतर या. पुलावरच्या पहारेकऱ्यानं टोपी काढली आणि तो रडायलाच लागला. शेवटी मी हेम्माकडे गेलो. ती अंगणात लाकडी घोडीवर कातडं टाकून खरवडत होती.

"नऊ वर्षांनी पाद्रीबाबांना आमची गल्ली सापडली म्हणायची," ती म्हणाली. "की वास येत होता म्हणून येत नव्हतात?"

"हेम्मा, ते काय बोलले?"

"प्रत्येकाला वेगळं. नाव घेऊन, एकेकाला. पण ऐकलं सगळ्यांनी सगळ्यांचं."

"तुला काय सांगितलं?"

"माझं राहू द्या. माझ्या नवऱ्याला वेळेवर कळलं ते बरं झालं. छप्पर शाकारून गेला, मुलीचं लग्न लावून गेला. आदल्या दिवशी दाढीसुद्धा करून घेतली."

मी पालथ्या घातलेल्या पिंपावर बसलो.

"माझ्याबद्दल काही बोलले?"

ती खरवडत राहिली. मग सुरी ठेवली, हात पुसले, आत गेली आणि वाडगाभर कढत रस्सा घेऊन आली. त्यात मटणाचा मोठा तुकडा होता. तिच्या घरात तसा दुसरा असेल असं मला वाटत नाही.

"खा," ती म्हणाली. "थंडी वाजतेय तुम्हाला."

एप्रिलचं ऊन होतं. मला थंडी वाजत नव्हती.

परत आल्यावर मी उडोंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते घोडा न घेता, एकटे, चालत तिच्याकडे गेले. मी गल्लीच्या तोंडाशी थांबलो. ते त्याच पिंपावर बसले. ती त्यांच्या कानाशी वाकली. फार वेळ लागला नाही. एखाद्या गावाचा रस्ता समजावून घेणाऱ्या माणसासारखी उडोंनी दोनदा मान डोलावली.

"कळलं का, स्वामी?" वाटेत मी विचारलं.

"कळलं."

"काय?"

ते पुलाच्या मधोमध थांबले. "तुला सांगितलं तर तूही माझ्याकडे त्यांच्यासारखं बघशील. आख्ख्या गावात मला नेहमीच्या नजरेनं बघणारा एक तरी माणूस हवाय, एंगिलमार. तेवढं कर माझ्यासाठी."

"आणि माझं? माझं सांगितलं तिनं?"

"मी विचारलं नाही," ते म्हणाले. ते नदीकडे बघत होते. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो. ते खोटं बोलताना कुठं बघतात हे मला ठाऊक होतं.

७

त्या उन्हाळ्यात उडो झपाट्यानं कामं उरकत होते. महारोग्यांच्या घराची जमीन कायमची नावावर करून दिली, बेर्टोल्डशी पंधरा वर्षांचं एक भांडण मिटवलं. भाऊ जाताना म्हणाला, "तू बरा दिसतोस, चांगला जाडजूड झालास." उडो हसले आणि त्यांनी त्याला जरा जास्तच वेळ मिठीत धरलं.

जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाला मिस्सा झाली. मी कपडे उतरवले, मोजे पेटीत ठेवले. उडो म्हणाले, "माझी खुर्ची खिडकीशी लाव आणि झडप उघड."

"त्या खिडकीशी, स्वामी?"

"या खोलीला अंगणाकडे दुसरी खिडकी कुठंय?"

मी खुर्ची लावली. झडप उघडली आणि खाली पाहिलं.

अंगण भरलेलं होतं. घंटा वाजली नव्हती, दवंडी नव्हती. सणाची जत्रा नदीकाठी होती. तिथली पालं ओस टाकून सगळं गाव इथं येऊन उभं होतं. टोप्या हातात. आवाज अजिबात नाही. पुढं रुथार्ड, त्याच्या शेजारी हेम्मा. बायकांनी कडेवर पोरं घेतली होती. ते आत्ता आलेले नव्हते; किती वेळचे उभे होते कोण जाणे.

"स्वामी, हे सगळे..."

"हो," उडो म्हणाले. "त्यांना माहीत आहे. नऊ वर्षं माहीत आहे."

ते बसले. खालच्यांनी गुडघे टेकले. मग उडोंनी आपला उघडा हात उचलला, स्वतःच्या बळावर, आणि हवेत क्रुसाची खूण केली. हात मांडीवर आला. दुसऱ्या खुणेसाठी मी थांबलो. ती झाली नाही. मी त्यांच्या छातीला कान लावला आणि ते पूर्वीचं काही नसणं पुन्हा ऐकलं.

मी लोकांना सांगायला वळलो. सांगायची गरजच नव्हती. ते उठले नव्हते. त्यांचे चेहरे खुर्चीकडे लागले होते, माना किंचित कललेल्या, लांबचा आवाज पकडताना माणूस करतो तशा. अधूनमधून एखादा मान डोलवी. एका तरुण बाईनं तोंडावर हात ठेवला. तिच्या नवऱ्यानं तिला जवळ ओढलं.

उडोंचे ओठ मिटलेले होते. मी बघत होतो. डोळ्यांची पापणी न हलवता बघत होतो.

बऱ्याच वेळानं सगळ्यांची नजर एकदम हलली. खुर्चीवरून सरकून माझ्यावर आली आणि तिथंच थांबली. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हेम्मानं क्रुसाची खूण केली, आणि ती माझ्यासाठी होती.

८

याला सहा वर्षं झाली. आता दुसऱ्याच घराण्यातले बिशप आहेत; ते नदीपलीकडच्या नव्या वाड्यात राहतात. ती जुनी खोली त्यांनी बंद केली आणि खिडकीची झडप खिळे ठोकून टाकली. मला शेजारची खोली दिली. गाव माझ्याशी फार चांगलं वागतं. पाववाला ताजा पाव आधी माझ्याकडे पाठवतो. रस्त्यात पोरं माझ्यासाठी बाजूला होतात. मी अजून कुणाला विचारतो, आणि ते अजून सांगत नाहीत. रुथार्डला त्याच्या शेवटच्या दुखण्यात विचारलं. तो म्हणाला, "तुझ्याबद्दल ते जे बोलले ते ऐकून मी इतकी वर्षं गप्प बसलो, एंगिलमार. आता मला का बोलायला लावतोस?" आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आज सकाळी तोंड धुऊन मी माझी खिडकी उघडली. द्राक्षांच्या तोडणीचे दिवस आहेत. या वेळी सगळे मळ्यात असतात. अंगणात हेम्मा होती. आता तिला उभं राहवत नाही, तिनं तिपाई आणली होती. तिच्या मागे अकरा माणसं.

मला वाटलं, काही वर्गणी असेल, काही तक्रार असेल. मी हाक मारली. हेम्मानं हात हलवला, लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला हलवतात तसा.

मग मी हे लिहायला बसलो. ही पानं भरेपर्यंत अंगण भरलं. मला काही दुखत नाही, छातीत धडधडतंय ते फक्त भीतीनं. आत्ताच मी पुन्हा डोकावलो. त्यांनी गुडघे टेकलेत, टोप्या काढल्यात आणि सगळे वर बघताहेत. माझ्या खिडकीकडे नाही. शेजारच्या. हात लांबवून बाहेर वाकलं की मला तिची झडप दिसते. खिळे आहेत तिथंच आहेत, पण झडप भिंतीला टेकून सताड उघडी आहे.

काही जणांनी मान डोलवायला सुरुवात केली आहे. मला काहीच ऐकू येत नाही. वर राहिलो तर येणारही नाही. मागं उभं राहणाऱ्याला ते कधीच ऐकू आलेलं नाही.

मी खाली जातोय. जिन्याला छत्तीस पायऱ्या आहेत. घाई केली तर शेवटचं तरी कानावर पडेल.